शाळेची खूण

८ जानेवारी

टेबल बदललं. आता मी खिडकीजवळ बसते आणि माझ्याकडे ‘वारसा परवानग्या’ आल्या आहेत. हे काम कार्यालयात कुणालाच नको होतं. शहरात कुठलीही जुनी इमारत पाडायची झाली की आधी वारसा समितीकडे कागद पाठवायचे: नकाशे, फोटो, इमारतीची माहिती, आणि तिच्याशी संबंध असलेल्या लोकांशी सल्लामसलत केल्याचा अहवाल. समितीने हो म्हटलं की मगच कुदळ. साहेब म्हणाले, “तुमचं डोकं शांत आहे. हे तुम्हीच करू जाणे.” थोडक्यात, गळ्यात मारलं.

पहिलीच फाइल नव्या बसस्थानकाची. ते जिथे होणार ती जागा म्हणजे जुनी मूकबधिर शाळा. शाळा केव्हाच शहराबाहेर नव्या इमारतीत गेली. ही रिकामी पडून आहे.

“माझा दादा इथेच शिकला,” मी म्हटलं.

“वा! म्हणजे निम्मं काम झालंच की,” साहेब म्हणाले.

दादाला जन्मापासून ऐकू येत नाही. वहिनीलाही नाही, दोघं त्याच शाळेतले. बाबांनी बांधलेल्या घरात ते खाली राहतात, मी आणि मास्तर वर. (नवऱ्याला सगळं गाव मास्तर म्हणतं, मग मी तरी वेगळं काय म्हणू?) दादा लाकडी सामानाला पॉलिश करून देतो, वहिनी शिवणकाम करते. माझ्या आणि दादाच्या खुणा घरच्या आहेत, लहानपणी आपोआप ठरलेल्या. जेव. चल. बाबा चिडलेत. पोट दुखतंय. पैसे दे. तेवढ्यावर आमचा जन्म निभावला. त्याला मुळात फार बोलायचंच नसतं. शांत माणूस.

त्याला सांगायला हवं. पण ‘वारसा परीक्षण’ कुठल्या खुणेत बसवू? काही नक्की झालं की सांगेन.

१५ जानेवारी

आज फोटोवाल्याला घेऊन शाळा बघून आले. लहानपणी दादाला सोडायला बाबांबरोबर फाटकापर्यंत जायचे, आत आजच पहिल्यांदा गेले. वर्गात भिंतीवर ओळीने आरसे आहेत, मुलांच्या तोंडाच्या उंचीवर. बोलायला शिकवताना ओठ कसे हलतात ते बघायला. घंटेच्या जागी प्रत्येक दाराच्या वर एक लाल दिवा. जमीन लाकडी फळ्यांची, आतून पोकळ. मास्तरीणबाई पाय आपटायच्या म्हणे, आणि सगळा वर्ग वळून बघायचा.

मागच्या बाजूला एक रुंद दगडी जिना अंगणात उतरतो. तो मात्र झाडून लख्ख केलेला. पायऱ्यांवर आणि खाली मिळून मोडक्या खुर्च्या गोल मांडून ठेवलेल्या.

पहारेकऱ्याला विचारलं. तो म्हणाला, “रविवारी येतात काही माणसं. बायाही असतात.”

“करतात काय?”

“काही नाही. बसतात. आवाज नाही, गोंधळ नाही. इतकी गुणी माणसं मी पाहिली नाहीत.”

मनात काहीतरी आलं होतं, पण तेवढ्यात फोटोवाला ओरडला, “बाई, उजेड चाललाय,” आणि ते राहून गेलं.

अहवालात लिहिलं: बांधकाम सर्वसाधारण. सध्याचा वापर नाही. सुट्टीच्या दिवशी काही रिकामटेकडे लोक येऊन बसतात. इमारतीशी निगडित सांस्कृतिक परंपरा आढळली नाही.

साहेबांनी वाचून मान डोलावली. “असं आटोपशीर हवं.”

२४ जानेवारी, रविवार

दादा-वहिनी नटूनथटून बाहेर पडले. दादाचा कडक इस्त्रीचा शर्ट, बुटांना आरशासारखं पॉलिश. बुटांच्या बाबतीत तो आधीपासून नखरेल. वहिनीने कानात लोंबते डूल घातले होते. मी वरूनच हाताने विचारलं, कुठे? त्याने दोन बोटं चालवून दाखवली: फिरायला. बागेत जात असतील.

“यांची मजा आहे,” मास्तर म्हणाले. “शब्दाला शब्द लागायचा प्रश्नच नाही.”

“भांडतात की! परवा वहिनीने पाय आपटला तर आपल्या कपाटातले कप वाजले.”

२ फेब्रुवारी

आज जाहीर सूचना निघाली. नियमाप्रमाणे वर्तमानपत्रात दिलीच, शिवाय मी भोंग्याची गाडी लावली. दोन दिवस सगळ्या वस्त्यांतून फिरणार. इमारतीबद्दल कुणाची हरकत असेल तर सुनावणीला यावं, असं स्वच्छ, सोप्या भाषेत रेकॉर्ड करून घेतलं. सगळ्यांच्या कानावर जायला हवं. उद्या कुणी म्हणायला नको की आम्हाला कळलंच नाही. या कामात मी कसर ठेवायची नाही असं ठरवलं आहे.

गाडी आमच्या गल्लीतूनही गेली. मास्तरांनी कानात बोटं घातली. वहिनी कपडे वाळत घालत होती. गाडीवाल्याने तिला हात केला, तिनेही हसून केला. दादा अंगणात कुणाच्या तरी खुर्चीचे पाय घासत बसला होता. आवाज बरा पोचत होता.

१८ फेब्रुवारी

सुनावणी झाली. मोठं सभागृह घेतलं होतं, आले मोजून एका बाकावर मावतील एवढे. बसचालकांच्या संघटनेचे दोघं, समोरचा चहावाला, आणि प्रत्येक सुनावणीला येणारे ते आजोबा, ज्यांना फक्त कुणीतरी बसायला खुर्ची आणि हातात कप द्यायला हवा असतो. सगळ्यांनी बसस्थानक लवकर व्हावं असं सांगितलं. शाळेबद्दल कुणी काही बोललं नाही.

हरकत: नाही. इतकं सुरळीत होईल असं वाटलं नव्हतं.

दादाला अजून सांगितलेलं नाही. आज सांगणार होते, पण तो जेवत होता.

३ मार्च

आज समितीपुढे उभी होते.

समितीच्या अध्यक्ष एक निवृत्त वास्तुविशारद बाई आहेत. बारीक आवाज, पण समोरच्याला घाम फोडतात. त्यांनी माझा अहवाल शेवटपर्यंत वाचला होता, जे सहसा कुणी करत नाही.

“या शाळेत शिकलेली माणसं कुठे आहेत?” त्यांनी विचारलं. “त्यांच्याशी तुम्ही बोललात?”

“जाहीर सूचना दिली होती, मॅडम.”

“कशी?”

“वर्तमानपत्रात. आणि शिवाय गाडी फिरवली.”

“कसली गाडी?”

“भोंग्याची,” मी म्हटलं.

म्हटलं आणि मलाच ऐकू आलं.

कुणीही हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि शांतपणे म्हणाल्या, “जा, आणि त्यांना विचारून या. त्यांच्या भाषेत.”

ही गोष्ट माझ्या लक्षात कशी आली नाही? मी एका बहिऱ्या माणसाची बहीण आहे.

४ मार्च

साहेबांनी फैलावर घेतलं. ठेकेदार खोळंबला आहे, यंत्रं भाड्याने आणून ठेवली आहेत, वरून फोन येतायत. मग एकदम आवाज खाली आणून म्हणाले, “तुमचा भाऊ आहे ना तिथला? त्याची सही आणा. त्याच्या ओळखीची आणखी चार माणसं असतील, त्यांच्याही आणा. झाली सल्लामसलत. एवढं मनाला लावून घेऊ नका.”

मी म्हटलं, कुणी दुभाषी मिळतो का बघते.

“घरचं माणूस असताना दुभाषी कशाला?”

तेही खरंच.

५ मार्च

दादाला सांगितलं.

दोन्ही तळवे डोक्यावर छपरासारखे जोडले: शाळा. ही आमची लहानपणापासूनची खूण. मग ते हात बाजूला नेले: पाडणार. मग गाडीचं चाक फिरवलं: बस. मग अंगठा: चांगलं होणार. आणि सह्यांचा कोरा कागद पुढे करून (मजकूर साहेब नंतर वर जोडणार होते) सहीची जागा दाखवली.

तो माझ्याकडे बघतच राहिला. त्याने तिन्ही खुणा मला परत करून दाखवल्या: छप्पर, हात बाजूला, चाक. मी मान हलवली. तर त्याने मला खांद्याला धरून गदागदा हलवलं, वहिनीला ओढत आणलं, आणि दोघांचे हात असे काही चालू झाले की मला काही अर्थ लागेना. वहिनी डोळे पुसत होती आणि हसत होती.

वाईट वाटेल अशी माझी कल्पना होती. पण त्यालाही बसस्थानक जवळ झालेलं हवं असणारच. सामान पोचवायला किती लांब चालत जावं लागतं त्याला. क्षणभर वाटलं, परत एकदा नीट सांगावं. पण दादाने पेन उघडलं होतं. सही केली, आणि कागद माझ्याकडे न देता घडी करून खिशात ठेवला. छातीवर थाप मारून दाखवलं: मी बघतो, काळजी करू नको.

७ मार्च, रविवार

संध्याकाळी दादाने कागद आणून दिला. सह्यांनी भरलेला. खाली जागा पुरली नाही म्हणून मागच्या बाजूलाही. काहींनी नावापुढे शाळा सोडल्याचं वर्षही घातलंय. एवढी माणसं त्याने एका दिवसात कुठून गोळा केली कोण जाणे. त्याला एवढे मित्र आहेत हेच मला माहीत नव्हतं.

मास्तर कागद उलटसुलट करून बघत होते. म्हणाले, “सगळ्यांना समजलंय ना, कशावर सही करतायत?”

“दादाने सांगितलं असेल की त्यांना.”

“आणि दादाला?”

“मी सांगितलं.”

त्यांनी कागदाची घडी घालून तो माझ्यापुढे ठेवला. मला राग आला. नसतं समजलं तर दादाने विचारलं नसतं का?

९ मार्च

कागद समितीला दिले. बाईंनी विचारलं, “दुभाषी होता?” मी म्हटलं, “घरचीच माणसं आहेत, मॅडम. मीच बोलले.” त्यांनी सह्यांवरून बोट फिरवलं, मागची बाजूही बघितली. “आश्चर्य आहे,” एवढंच म्हणाल्या.

साहेबांनी सगळ्यांसमोर कौतुक केलं.

१४ मार्च, रविवार

दादा चुन्याने माखून घरी आला. केसांत, भुवयांवर, त्या लाडक्या बुटांवरसुद्धा पांढरे शिंतोडे. एरवी त्याचे हात पॉलिशने तपकिरी असतात. रंगकाम धरलंय वाटतं. या वयात शिडीवर चढायचं म्हणजे काय! मी कपाळाला हात लावून दाखवला तर नुसता हसला. फार खूश दिसतोय हल्ली. वहिनीने पडद्यांचं कापड आणलंय, ढीगभर. मोठं काम मिळालेलं दिसतंय. दोघांचं बरं चाललंय हे बघून मलाही बरं वाटतं.

२३ मार्च

परवानगी आली. अटी दोनच: पाडण्याआधी आतून-बाहेरून फोटो काढून ठेवायचे, आणि बसस्थानकात शाळेच्या आठवणीचा एक फलक लावायचा. सोमवारी काम सुरू.

सुटले एकदाची.

२६ मार्च, शुक्रवार

कसं लिहू?

अटीप्रमाणे फोटो काढायला शाळेत गेले. फाटकाला तेल घातलेलं. मागची भिंत पांढरीशुभ्र, जिन्याच्या कडेने गेरूची रेघ. खुर्च्यांचे मोडके पाय बसवलेले, त्यांना पॉलिश. ते पॉलिश मी कुठेही ओळखेन. आत आरसे पुसलेले. खिडक्यांना नवे पडदे, त्या ढिगातले. एका दारावरच्या लाल दिव्याला नवी वायर लावलेली.

आणि वर्गातल्या फळ्यावर खडूने, दादाच्या तिरप्या अक्षरात: शाळा सुरू.

पहारेकरी म्हणाला, “तुमच्याच माणसांनी केलं ना हे? कागद दाखवला त्यांनी मला, सगळ्यांच्या सह्यांचा. मी म्हटलं, मग ठीक आहे.”

मी एकटीच वर्गात उभी राहून दोन्ही हात डोक्यावर जोडले आणि बाजूला केले. समोर आरसा होता. छप्पर उघडलं. पडलं नाही, उघडलं. शाळा, उघडणार, बस. मुलं बसमधून येणार. चांगलं होणार.

फोटोवाला विचारत होता, “बाई, फळ्याचा काढू का?”

संध्याकाळी खाली गेले. दादाला कसं सांगायचं ते सुचेना. टेबलावर वाटी उपडी ठेवली, शाळेची खूण केली, आणि वाटी हाताने झटकून जमिनीवर पाडली. परत उचलली, परत पाडली. तिसऱ्यांदा उचलायला वाकले तेव्हा वहिनीने माझं मनगट धरलं. तिला कळलं होतं. ती दादाकडे वळली आणि दोनच खुणा केल्या.

दादाने माझ्याकडे पाहिलं. मी हात जोडले, काहीतरी करायला लागले, आणि त्याने डोळे मिटून घेतले. लहानपणी भांडताना तो असंच करायचा, पण तेव्हा एका डोळ्याने चोरून बघायचा. आज दोन्ही घट्ट. त्याच्याशी बोलायला माझ्याजवळ दुसरी वाटच उरली नाही.

वहिनीने शिवणाच्या खडूने टेबलावर लिहिलं: तुला माहीत होतं?

मी तिच्या हातातून खडू घेतला आणि लिहिलं: नाही. मग ते मीच पुसलं.

२७ मार्च, शनिवार

समितीच्या बाईंना पत्र लिहून काढलं: सह्या गैरसमजातून झाल्या आहेत, समजावून सांगण्यात माझी चूक झाली, तरी परवानगी थांबवावी. चार ओळींचं पत्र, पण सकाळ गेली.

मास्तर म्हणाले, “आत्ताच नेऊन दे. त्यांचं घर बाजारामागेच आहे.”

बाजारात गेले. त्यांच्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेले. वाटलं, असं घरी जाऊन द्यायचं म्हणजे साहेबांना डावलल्यासारखं होईल. नोकरीवर गदा येईल ती वेगळीच. आणि बाई काय म्हणतील? भोंग्याची गाडी, आणि आता हे. रीतसर सोमवारी, कार्यालयातून, नोंद करून दिलेलं बरं.

भाजी घेऊन परत आले. मास्तरांनी पिशवीकडे बघितलं आणि वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं.

खालचं दार दिवसभर बंद होतं.

२९ मार्च, सोमवार

कार्यालय उघडायच्या आधीच ठेकेदाराने यंत्र लावलं होतं. माझ्या पत्रावर शिक्का पडेपर्यंत पुढची बाजू खाली आली होती. बाईंनी पत्र वाचल्याबरोबर फोन करून काम थांबवलं. त्या स्वतः जागेवर आल्या, मी मागे मागे. धुरळा अजून बसला नव्हता. वर्ग नव्हते. लाकडी फळ्या काड्यांसारख्या उभ्या, आरशांचा चुरा सगळीकडे चमकत होता. उभा होता फक्त मागचा जिना आणि ती चुना दिलेली भिंत.

बाईंनी पत्र पुन्हा उघडलं.

“यावर तारीख शनिवारची आहे,” त्या म्हणाल्या.

मी हो म्हटलं.

“मी शनिवारी घरीच होते,” त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही. पत्राची घडी घातली आणि ढिगाऱ्याच्या कडेने चालत पुढे गेल्या.

दादा आणि त्याची माणसं फाटकापाशी उभी होती. बरीच होती. कुणी हात हलवत नव्हतं.

८ एप्रिल

आज फेरसुनावणी झाली. समितीने दुभाषी बोलावली होती: आईवडील दोघंही बहिरे असलेली एक तरुण मुलगी, खुणा आणि बोलणं दोन्ही घरातच शिकलेली. सभागृह भरलं होतं, लोक भिंतीला टेकून उभे. इतकी गर्दी आणि इतकी शांतता मी एकत्र कधी पाहिली नव्हती. शांतता माझ्यापुरतीच. त्यांची तर नुसती खडाजंगी चालली होती.

दादा उठला. कडक शर्ट, पॉलिश केलेले बूट. त्याने हात वर केले आणि ती मुलगी बोलायला लागली, “मी थोडक्यात सांगतो.” मागच्या रांगांत सगळे हसले. मला मग कळलं की का. तो अर्धी सकाळ बोलत होता.

माझा दादा बोलतो. भरभरून बोलतो, फाटे फोडतो, नकला करतो, मध्येच थांबून लोकांच्या हसण्याची वाट बघतो. एका मुलीच्या आवाजात, पण तोच. मी आयुष्यभर ज्याला शांत म्हणत आले तो माणूस हा नव्हेच.

तो म्हणाला, “वर्गात आम्हाला हातांवर बसायला लावायचे. खुणा करायच्या नाहीत, तोंडाने बोलायचं. आरशात बघून मला ‘पाव’ म्हणायला दोन वर्षं लागली. मला पाव आवडतही नाही.” हशा. “पण मागच्या जिन्यावर बाईंचं लक्ष नसायचं. तिथे मोठी मुलं लहानांना शिकवायची. ‘उद्या’ची खूण तिथली. ‘खोटं’ची तिथली. या शहरातली आमची भाषा त्या जिन्यावर तयार झाली. ‘साहेब’ची खूणही तिथलीच,” आणि त्याने पोटावरून मोठा गोल हात फिरवला. आमच्या साहेबांनी कोट ओढून घेतला.

मग तो गंभीर झाला. “मी सहा वर्षांचा होऊन शाळेत आलो तेव्हा मला नाव आहे हे मला माहीत नव्हतं. घरी मला हात हलवून बोलवायचे. जिन्यावर मला पहिल्यांदा नाव मिळालं. घरी ‘का’ अशी खूणच नव्हती. कधीच नव्हती. बाबा का चिडले, आजी कुठे गेली, बहिणीला दुसऱ्या शाळेत का घालतात, मी कुणाला विचारणार? ‘का’ विचारायला मी शाळेत आलो.”

मी मान खाली घातली होती. ती मुलगी थांबली की वर बघायचे.

बाईंनी विचारलं, “मग सह्या कशा दिल्यात?”

“बहिणीने सांगितलं, शाळा उघडणार, बस येणार. मी सही केली, मित्रांच्या आणल्या. आता मित्र मला विचारतात, तुझी बहीण नक्की काय म्हणाली?”

“तुम्हाला वाटतं, तिने फसवलं?”

दादाने माझ्याकडे बघितलं, त्या संध्याकाळनंतर पहिल्यांदा. मग त्याचे हात सावकाश हलले आणि ती मुलगी जरा अडखळून म्हणाली, “नाही. फसवायला शब्द लागतात. तिच्याकडे तेवढे नाहीत.”

लोक हसले नाहीत. दादाही हसला नाही.

मला बोलायला सांगितलं तेव्हा मी सगळं कबूल केलं: खुणा, सह्या, शनिवार. मुलगी माझं बोलणं हातांनी सांगत होती. ‘शनिवार’ला वहिनीने मान फिरवली.

२१ एप्रिल

निकाल आला. जिना आणि भिंत आता आधाराशिवाय उभी राहणार नाहीत, धोकादायक आहेत, म्हणून पाडावी लागतील. काम आधीच थांबवलं असतं तर संपूर्ण मागची बाजू वाचवता आली असती आणि बसस्थानक तिच्या पुढे सरकवता आलं असतं, असं बाईंनी स्पष्ट लिहिलंय. बसस्थानकात शाळेच्या माजी विद्यार्थ्यांसाठी एक खोली द्यायची. यापुढे अशा प्रत्येक सल्लामसलतीला दुभाषी सक्तीचा.

शेवटचं वाक्य माझ्यामुळे आलं. त्याचा आनंद मानायची माझी हिंमत नाही.

साहेबांनी मला लेखी समज दिली आणि टेबल बदललं. आता जन्म-मृत्यू नोंदणीच्या खोलीत मागे बसते. खिडकी नाही.

९ मे, रविवार

त्या दुभाषी मुलीकडे शिकायला जाते. दर रविवारी सकाळी. बोटं ऐकत नाहीत. या वयात हातांना नवी सवय लावणं म्हणजे दगडाला घाम आणणं. ती हसून म्हणते, “काकू, तुम्ही खुणा करताना तोंड मिटलेलं आणि चेहरा सपाट ठेवता. चेहऱ्याने विचारायचं असतं. भुवया वर घ्या.” ‘का’ शिकले. ‘खोटं’ही. पहिल्या दिवशी मीच मागून घेतलं.

दादा-वहिनी खाली येता-जाता भेटतात. नमस्कार करतात, तब्येत विचारतात, घरच्याच खुणांनी. जेवलीस? बरी आहेस? तेवढंच. पूर्वी एवढंच असायचं आणि मला ते पुरेसं वाटायचं.

२० जून, रविवार

बसस्थानक अजून अर्धवटच आहे, पण तात्पुरत्या शेडमधून बस सुटायला लागल्या आणि तिथली खोलीही तयार झाली. उद्घाटनाला समितीच्या बाई होत्या, ती मुलगी होती, मी होते. फलकावर शाळेचं नाव आणि साल. नव्या खुर्च्या ओळीत. शाळेतलं एकही माणूस आलं नाही. आम्ही थोडा वेळ थांबलो. बाहेर बसची घोषणा भोंग्यावर चालू होती, आतही जोरात ऐकू येत होती. बाईंनी खोलीकडे एकदा नजर टाकली आणि मला म्हणाल्या, “ते दुसरीकडे जमतात म्हणे आता. तुम्हाला माहीत असेल.”

मला माहीत नव्हतं.

घरी आले तर दादा दारातच बूट चढवत होता. वहिनी पुढे फाटकाशी पोचली होती. मी त्याच्यासमोर उभी राहिले. आठवडाभर घोकलं होतं. भुवया वर घेतल्या आणि नीट, शिकवल्याप्रमाणे, सगळ्या खुणा क्रमाने केल्या: रविवार. तुम्ही सगळे. आता कुठे बसता? मी येऊ का?

त्याचे हात नाडीवर तसेच राहिले. त्याने माझ्या हातांकडे बघितलं, मग चेहऱ्याकडे, मग पुन्हा हातांकडे. वहिनी फाटकाशी थांबून बघत होती. मग त्याने नाडी सोडली, सरळ उभा राहिला आणि उत्तर दिलं. एका खुणेचं नाही. पुरं उत्तर, भराभर, दोन्ही हातांनी, चेहऱ्याने, मध्ये एकदा वहिनीकडे बोट करून, एकदा माझ्याकडे. मला दिलेलं त्याचं पहिलंच मोठं बोलणं. मी डोळे फाडून बघत होते. त्यातली एकच खूण मला कळली: लांब. आम्ही लांब बसतो म्हणाला, की तू अजून लांब आहेस म्हणाला, ते कळलं नाही.

मी भुवया वर घेऊन ‘पुन्हा’ची खूण केली. पण तोवर तो वळला होता, आणि पाठमोऱ्या माणसाला हाक कशी मारायची, ते अजून मला शिकवलेलं नाही.